पौषातली यात्रा, मे महिन्यातले पार्क

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या घरी, गुरुकुंज मोझरीला, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने दोन रेघा ओढल्या गेल्या. एक नातवाची, एक नातीची. नातू सहा वर्षांचा, ११४ सेंटिमीटर. नात तीन वर्षांची, ९२. सुनेने टेप धरला आणि मुलाने मोबाइलवर पाहून सांगितले की दोघांचेही तिकीट लहान मुलाचेच लागेल, पण मोठ्या पाळण्यांवर दोघांनाही घेणार नाहीत. मे महिन्याच्या सुटीत लेकरांना एका मनोरंजन पार्कात न्यायचे ठरत होते. जुन्या वहीत यादी तयार होती: टोप्या, कपड्यांचे दोन-दोन जोड, ओआरएसची पाकिटे, लहानीचे दूध. खाली ‘बाहेरचे खाणे आत चालत नाही’ ही ओळ दोनदा अधोरेखित केलेली.

माझी आई ऐंशीच्या पुढची. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “आंधी लेकराचं वय इचारत होते. उंची कईपासून मोजाले लागले?”

तिने सहज विचारले, पण मला ते सोडवेना. वऱ्हाडातल्या यात्रांविषयी मिळेल ते कागद, आठवणी, हँडबिले जमवण्याचा नाद मला पंचवीस-तीस वर्षांपासून आहे. त्या सगळ्या पसाऱ्यात देव होता, दुकाने होती, बैलबाजार होता, पण लेकरू मी कधी शोधले नव्हते. लहान मुलांना घेऊन केवळ त्यांच्या आनंदासाठी बाहेर पडणे हे आमच्या भागात केव्हा सुरू झाले आणि त्याची आखणी कोण, कशाच्या आधाराने करत होते, हा प्रश्न घेऊन मी पुन्हा एकदा त्या कागदांकडे वळलो.

आईचे माहेर चांदूर बाजार तालुक्यातले. तिकडच्या माणसाला लेकरांची सहल म्हणजे काय असे विचारले तर तो एकच शब्द उच्चारील: बहिरम. परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचे ठाणे आहे. मूर्ती शेंदराची आणि लोण्याची. यात्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वा महिना चालते. एवढी लांबलचक यात्रा विदर्भात क्वचितच. तिकडे ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. आमच्या जवळचे कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर, तिथली गर्दी कार्तिकातली. कार्तिक ते पौष हे महिने सोडून लेकरांना कुठे नेल्याचे जुन्या माणसांच्या बोलण्यात फारसे येत नाही.

याचे कारण पंचांगात कमी आणि कापसात जास्त आहे. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी होते. डिसेंबरात बंड्या जिनाकडे लागतात आणि पौषापर्यंत घरात चार पैसे आलेले असतात. थंडी असते, रात्री बंडीने जाता येते, बैलांना झळ लागत नाही. रस्त्याने हरभऱ्याचा हिरवा सोला, तुरीच्या शेंगा आणि बोरे असल्याने लेकरांच्या खाण्याची सोय वाटेतच होते. १९७२ नंतर कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. सरकारी केंद्रावर कापूस मोजला की पैसे लगेच हाती येतीलच असे राहिले नाही. चुकारा हप्त्याने येऊ लागला. त्या वर्षांतल्या आठवणींत एक वाक्य मला घरोघर ऐकायला मिळाले: चुकारा झाला की बहिरमले जाऊ. लेकराच्या सहलीची तारीख खरेदी केंद्रावरचा बाबू ठरवत होता, असेच म्हणावे लागेल.

आता आखणी पाहा. आईने सांगितलेली यादी मी तिच्याच शब्दांच्या क्रमाने लिहून ठेवली आहे. गव्हाचे जाडे पीठ, रोडग्यांसाठी. वांगी. तिखट-मीठ एका फडक्यात. मातीची हंडी तिथे विकत मिळते, ती आणायची नाही. गोवऱ्या आणायच्या. दमणीत तणस, त्यावर सतरंजी, सतरंजीवर लेकरे, लेकरांवर वाकळ. लहान भावाच्या सदऱ्याच्या आत गावाचे आणि मामाचे नाव लिहिलेली चिठ्ठी, सुईने टाचलेली. ही चिठ्ठी सगळ्यांत महत्त्वाची, कारण यात्रेला दार नाही, भिंत नाही. चारही बाजूंनी माणूस येतो आणि चारही बाजूंनी लेकरू निसटू शकते. मी पाच-सहा वर्षांचा असताना हा लहान भाऊ तासभर हरवला होता. लाउडस्पीकरवरून नाव पुकारले गेले तेव्हा तो एका भांड्यांच्या दुकानात गुळाची रेवडी खात बसलेला सापडला. दुकानदारीणबाईने चिठ्ठी वाचून घेतली होती आणि त्याला उठू दिले नव्हते. हरवलेल्या मुलाला आधी खायला द्यायचे, मग पुकारायला पाठवायचे, अशी यात्रेतल्या दुकानदारांची रीतच असल्याचे आणखी काही जणांनी मला सांगितले.

यादीत पैशाचा उल्लेख नव्हता. विचारल्यावर आई म्हणाली की प्रत्येक लेकराच्या हातात दोन-चार नाणी देत. ती संपली की यात्रा संपली. पिपाणी घ्यायची की पाळण्यात बसायचे, गोडीशेव घ्यायची की बायोस्कोप पाहायचा, हा निवाडा लेकराचा. हे मला फार मोलाचे वाटते. संपूर्ण दिवसाचा खर्च आईबापांनी एकरकमी मोजून टाकायचा, ही कल्पनाच तिथे नव्हती.

सरकारी कागदांत हे सगळे सापडत नाही. गॅझेटियर लिहिणाऱ्यांना यात्रेत रस होता तो दिवस किती, माणसे किती, गुरांचा बाजार कसा, आणि पटकीची साथ आली तर बंदोबस्त काय, एवढ्यापुरता. लेकरू सरकारदरबारी प्रथम दिसते ते तिकिटाच्या खिडकीवर. भुसावळहून निघालेली जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, त्यानंतर मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. पुढे एसटी आली, यात्रांसाठी जादा गाड्या सोडू लागली. या सर्वांनी बालपणाला एक सीमा आखून दिली: पाचच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धे. बारा वर्षांचे पोरगे मग दोन-दोन वर्षे बाराचेच राहत असे आणि कंडक्टरपुढे गुडघे वाकवून उभे राहत असे. गुडघे वाकवण्यावरून लक्षात येईल की उंचीने वय ओळखण्याची रीत कंडक्टरच्या नजरेत आधीपासून होतीच. रेल्वेने २०१६ च्या एप्रिलपासून नियम बदलला आणि स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पाच ते बाराच्या मुलालाही पूर्ण भाडे लावले. तिथे मोजमाप वयाचे की उंचीचे, हा प्रश्न उरला नाही. जागा अडवली, पैसे मोजा.

पाळण्याचे थोडे सांगायला हवे, कारण पार्क आणि यात्रा यांना जोडणारा खरा दुवा तोच. आकाशपाळणा ही अमेरिकेची देणगी, अशी समजूत पुष्कळांची आहे. जॉर्ज फेरिस याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात २६४ फूट उंचीचे चक्र उभे केले हे खरे. छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसे. पण इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० मध्येच तुर्की अमलाखालच्या बाल्कन प्रदेशात, जत्रेतल्या माणसांना उचलून फिरवणारी लाकडी चक्रे पाहून टिपून ठेवली आहेत. आपल्याकडचा चार पेट्यांचा, दोन माणसांनी हाताने ढकलायचा राहाटपाळणा त्याच कुळातला. फेरिसने भर घातली ती लोखंडाची, वाफेची आणि एका तिकिटात ठरावीक फेऱ्यांच्या हिशेबाची. बहिरमच्या पाळणेवाल्याकडे हिशेब नव्हता. गर्दी नसेल तर तो लेकरांना उतरू देत नसे, कारण फिरता पाळणा हीच त्याची जाहिरात. डिझेल इंजिन आल्यावर ही उदारता संपली.

लेकरांना यात्रेत नेऊन नुसते फिरवायचे की काही दाखवायचे, हा वाद आमच्या भागात दोन मोठ्या माणसांनी उभा केला. पहिले गाडगेबाबा. ऋणमोचनच्या यात्रेत खराटा घेऊन उतरलेला हा माणूस पुढे आयुष्यभर सांगत राहिला की कर्ज काढून यात्रा आणि सण करू नका, तो पैसा लेकरांच्या शिक्षणाला लावा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला त्यांचा देह पडला. दुसरे आमचे तुकडोजी महाराज. ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत ‘यात्रा-मेळे’ हा एक स्वतंत्र अध्याय आहे. घाण, फसवणूक, व्यसने यांनी नासलेली यात्रा त्यांना नको होती. पण यात्रा बंद करा असे ते म्हणाले नाहीत. माणसे इतकी जमतातच, तर त्यांना काही शिकायला मिळेल अशी ती करा, असा त्यांचा रोख. लहानपणी मला या दोघांचाही थोडा राग येत असे, हे कबूल करतो. मला पिपाणी हवी असायची आणि वडील प्रदर्शनाच्या मांडवात सुधारित नांगर दाखवत.

ग्रामगीता लोकांच्या हाती आली त्याच दशकात, १७ जुलै १९५५ ला, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. वॉल्ट डिस्ने सांगत असे की आपल्या दोन मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना आपण बाकावर बसून राहायचो, आणि आईबाप व मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथे सुचला. अमेरिकेतल्या जत्रा त्याला गलिच्छ वाटत. म्हणजे तक्रार तीच, जी इथे ग्रामगीतेत आहे. उपाय मात्र वेगळा: भिंत बांधा, एकच दार ठेवा, आत सगळे झाडूनपुसून ठेवा. तरी एक गंमत राहून गेली. डिस्नेलँडमध्ये सुरुवातीची सत्तावीस वर्षे दाराचे तिकीट वेगळे आणि आतल्या पाळण्यांचे वेगळे होते. अ, ब, क अशा अक्षरांची कुपने असत, त्यांत सर्वांत भारी पाळण्याचे ई-तिकीट १९५९ मध्ये आले. पोराने कुपन कुठे खर्च करायचे ते ठरवायचे. ही कुपने १९८२ मध्ये बंद झाली आणि एकदाच मोजा, दिवसभर फिरा, ही पद्धत आली. त्या वर्षापर्यंत डिस्नेलँड आमच्या बहिरमशी एका बाबतीत सख्खे नाते राखून होते.

आपल्या देशात १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रगती मैदानावर अप्पू घर उघडले. नाव १९८२ च्या एशियाडमधल्या हत्तीच्या पिल्लाचे. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आले. वऱ्हाडातल्या फार थोड्या लेकरांनी ते पाहिले, पण दूरदर्शनवरची त्याची जाहिरात पाहिली नाही असे लेकरू विरळा. गावात एकच टीव्ही असला तरी तो पुरत असे. पार्क म्हणजे आपण जिथे गेलो नाही ती जागा, ही भावना तिथून सुरू झाली. यात्रेबाबत ही भावना कधी नव्हती.

आणि पार्कांसोबत ऋतू बदलला. मला या शोधात सापडलेली महत्त्वाची गोष्ट हीच. यात्रा पिकाच्या वेळापत्रकावर चालत होती, पार्क शाळेच्या वेळापत्रकावर चालते. आईबाप नोकरीत, लेकरे शाळेत, म्हणजे लांब सुटी मे महिन्यातच. विदर्भात तर ऊन इतके की आमच्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पंचेचाळीस अंशात लेकरू पाळण्यावर कसे बसेल? त्याला पाणी हवे. म्हणून आमच्याकडचे पार्क हे आधी पाण्याचे पार्क असते. करमणुकीसाठी पाणी सर्वांत जास्त लागते ते नेमके विहिरी आटलेल्या महिन्यात.

मोझरीवरून जाणारा महामार्ग, पूर्वीचा सहा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा, नागपूरकडे जाताना बाजारगाव ओलांडतो. २००५ च्या उन्हाळ्यात पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ दैनिकात या गावावर लिहिले. गावाच्या हद्दीत मोठे जल-मनोरंजन पार्क, अठरा प्रकारच्या घसरगुंड्या, बर्फाचा घुमटसुद्धा. आणि त्याच गावातल्या बायांची पिण्याच्या पाण्यासाठी वणवण. तो लेख वाचून मी तेव्हा फार संतापलो होतो. आमच्याच सडकेवर हे चालते आणि आपण बसच्या खिडकीतून रंगीत घसरगुंड्या पाहत जातो, याची लाज वाटली होती. वीस वर्षांनी माझ्याच घरात यादी तयार होत असताना तो संताप कुठे ठेवावा ते मला कळेना. सुनेला मी तो लेख दाखवला. तिने वाचला आणि विचारले, “बाबा, मग लेकरांना मे महिन्यात कुठे नेऊ, ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हते. चिखलदरा आहे, पण तीन वर्षांच्या मुलीला कड्याच्या टोकावर काय दाखवायचे? साहेबांनी १८२३ मध्ये ते ठिकाण हेरले ते स्वतःच्या गारव्यासाठी.

एक उत्तर शेगावने दिले होते. श्री गजानन महाराज संस्थानाने, शिवशंकरभाऊ पाटील कार्यभार पाहत असताना, या शतकाच्या सुरुवातीला आनंदसागर उभे केले. विस्तीर्ण आवार, मधोमध तलाव, तलावातल्या बेटावर ध्यानकेंद्र, आणि लेकरांसाठी झुकझुक गाडी, झोके, मत्स्यालय. तिकीट शेतमजुरालाही झेपेल असे. मी तिथे अनेकदा गेलो. माझे निरीक्षण असे की आनंदसागरात पोरांना बाजूला ठेवून म्हातारी माणसे बाकावर बसलेली दिसत नसत. दर्शन झाले, आता लेकरांसोबत गाडीत बसू, हा क्रम सर्वांचा एकच होता. यात्रेचा देव आणि पार्कची भिंत यांचा मेळ तिथे बसला होता. तेही मध्ये काही वर्षे बंद राहिले, पुढे काही भाग पुन्हा उघडला. शिवशंकरभाऊ ४ ऑगस्ट २०२१ ला गेले. अभ्यासक मंडळी डिस्नेलँडवर ग्रंथ लिहितात. आनंदसागरावर, म्हणजे एका देवस्थानाने लेकरांसाठी काय विचार केला यावर, कुणी नीट लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही. शेगावकरांपैकी कुणी हे मनावर घ्यावे.

शेवटी पार्कात आम्ही गेलोच. नाव सांगत नाही, कारण त्यांचे काही चुकले असे नाही. वहीतल्या तरतुदी सगळ्या कामी आल्या. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये अशा प्रवेशावर २८ टक्के कर होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला, हे मी मुलाला सांगू लागलो. त्याने हात जोडले. दाराशी रंगवलेली उंचीची पट्टी होती. नातवाला तीन पाळण्यांवरून परत पाठवले, तो रडला नाही, फक्त प्रत्येक पट्टीजवळ टाचा उंचावून उभा राहिला. एसटीत आम्ही गुडघे वाकवत होतो, हा टाचा उंचावत होता. नात बहुतेक वेळ घोटाभर पाण्यात बसून प्लास्टिकचा पेला भरत आणि ओतत राहिली. आई उन्हामुळे आली नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर तिने नातीला काय पाहिले म्हणून विचारले, तर ती म्हणाली, पाणी.

त्यानंतर आश्विन आला. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, ती तिथी आश्विन वद्य पंचमी. दरवर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सव भरतो, लाखो माणसे येतात, सडकेच्या कडेला खेळण्यांची दुकाने आणि पाळणे लागतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, सगळे जागच्या जागी मौन उभे राहतात. त्या दिवशी चारनंतर मी नातीला घेऊन निघालो. आई घराच्या ओट्यावर बसून होती. तिने नातीच्या फ्रॉकला आतून चिठ्ठी टाचली होती, घर तिथून चार पावलांवर असूनही.

पाळणेवाला मध्य प्रदेशातला होता. उंचीची पट्टी त्याच्याजवळ नव्हती. नातीकडे पाहून त्याने एवढेच विचारले, “वर गेल्यावर रडेल का?” मी म्हटले, सांगता येत नाही. “मग तुम्ही पण बसा,” तो म्हणाला आणि माझे पैसे घेतले, तिचे घेतले नाहीत. पाच वाजायला आले तसे त्याने एकेक पेटी उतरवायला सुरुवात केली. आमची पेटी वर गेली होती तेव्हाच खाली लाउडस्पीकर थांबला आणि त्याने इंजिन बंद केले. सबंध गर्दी उभी राहिली. पिपाण्या थांबल्या. वरून महामार्ग दिसत होता, एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला अमरावती, आणि कापूस फुटलेली शेते. नातीने माझ्या कानाशी तोंड आणून अगदी हळू विचारले, आबा, लाइट गेली का?